म्हशीच्या खुराएवढं पाणी

त्या राज्यात पाणी सगळ्यांचं होतं, पण पाण्यात जे दिसे ते गरुडांचं होतं.

डोंगरापलीकडच्या माळावर वर्षातून एकदा मोठी शर्यत होई. ती शर्यत गरुड आपल्या पंखांवर झेलून आभाळभर पसरवत. आभाळाकडे थेट पाहिलं तर डोळे दिपून जात. पाण्यात पाहिलं की मात्र धावणाऱ्यांच्या मिशांचे केससुद्धा मोजून घ्यावेत इतकं स्वच्छ दिसे. या उपकाराच्या बदल्यात प्रत्येक गावाने आपल्या झाडांचे शेंडे गरुडांना बसायला सोडले होते. शेंड्यावर तसंही कुणी राहत नव्हतं, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती.

डोंगराच्या अलीकडे एक गाव होतं. ससे, साळिंदरं, मुंगसं, खारी आणि एक भली दांडगी म्हैस अशी तिथली वस्ती. शर्यतीच्या दिवशी सगळं गाव वडाजवळच्या तळ्याभोवती जमे. तळं काही फार मोठं नव्हतं, त्यामुळे काठावर बसणाऱ्यांनाच पाणी दिसे. मागच्यांसाठी गावाने एक रीत पाडली होती. काठावरच्याने जे पाहिलं ते मान वळवून मागच्याला सांगायचं, त्याने त्याच्या मागच्याला. याला ते 'मागं देणं' म्हणत. आता सांगणारी आपलीच मंडळी, ती काय हात राखून सांगणार होती? पहिल्या ओळीत एखाद्याने चर ओलांडला की तिसऱ्या ओळीत त्या चराचा ओढा होई, आणि शेवटच्या ओळीत बातमी पोचेपर्यंत दुथडी भरलेली नदी.

त्या शेवटच्या ओळीत सगुणा नावाची म्हातारी सशीण बसे. तिची दृष्टी केव्हाच गेली होती. तिचा मुलगा धोंडू त्या शर्यतीत धावे. आधीची पिल्लं जगली नाहीत म्हणून तिने याचं नाव धोंडू ठेवलं होतं, म्हणजे दगड समजून तरी मरण त्याच्याकडे पाहणार नाही. तो जगला आणि वाऱ्यासारखा पळायला लागला, तेव्हा त्याला माळावर नेलं गेलं. माळावर गेलेला धावतो आहे तोवर परत येत नसे, आणि धावताना पडलेल्याचं पुढे काय होतं ते कुणी विचारत नसे. त्यामुळे वर्षातून त्या एकाच दिवशी आपला मुलगा आहे की नाही हे सगुणाला कळे. काठावरची जागा तिला दरवर्षी देऊ करत, पण ती मागेच बसे. तिचं म्हणणं, पुढे बसलं तर धोंडू सशाएवढाच राहतो. तिच्या त्या हट्टाची गाव प्रेमाने थट्टा करी.

एका वर्षी शर्यतीच्या आधी गरुडांकडून एक कावळा आला. त्याने सभ्यपणे विचारलं की, इथे शर्यत पाहायला साधारण किती जण जमतात? आता पाहुण्यापुढे आपला मेळा कमी सांगणं हे त्या गावात आईबापांना नावं ठेवण्याइतकं वाईट. म्हशीने सांगितलं, अख्खी पंचक्रोशी लोटते. साळिंदराने त्यात आणखी दोन गावं घातली. एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण पाहुणा शर्यतीपर्यंत राहतो म्हटल्यावर आपण खोटे पडू नये म्हणून त्यांनी शेजारच्या गावांना खरोखरीच बोलावणं धाडलं. शर्यतीच्या दिवशी तळ्याभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. कावळ्याला काठावरची उत्तम जागा दिली, त्याच्यासमोर पिकली उंबरं ठेवली, आणि दर थोड्या वेळाने कुणी ना कुणी त्याला विचारत होतं, "काय पाहुणे, आहे की नाही मेळा?"

कावळ्याने मान हलवली. त्या वर्षी धोंडू दुसरा आला. शेवटच्या ओळीत तो पहिला आला होता, आणि सगुणा घरी जाताना वाटेत भेटेल त्याला ते सांगत होती.

पुढच्या हंगामात कावळा नियम घेऊन आला. गरुडांची शर्यत म्हशीच्या खुराच्या ठशाहून मोठ्या पाण्यात कुणी पाहू नये, आणि एका पाण्यात एका घरच्यांखेरीज कुणी डोकावू नये. घर म्हणजे ज्या आसऱ्याखाली मागचा हिवाळा काढला ते. साळिंदर वाद घालण्यात पटाईत होतं. ते म्हणालं, आमचा सगळ्यांचा वड एकच, तोच आमचा आसरा. कावळ्याने वडाच्या पारंब्यांतून आत पाहिलं आणि विचारलं, "थंडी वाजली तेव्हा सगळे इथे होता का?" साळिंदराला खोटं बोलता येईना. थंडी वाजली तेव्हा सगळे आपापल्या आसऱ्याला होते.

"मला वाईट वाटतं," कावळा म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटत असावं. "मागच्या वर्षीची उंबरं मी विसरलो नाही. पण मी फक्त पाहतो आणि वर सांगतो."

 मग म्हैस उठली. ती तळ्याकाठच्या चिखलात शिरली आणि जड पावलं टाकत तळ्याला वेढा घालू लागली. तिच्या प्रत्येक पावलाचा ठसा उमटला, आणि ठशात पाणी झिरपलं. नियमात बसणारं, खुराएवढंच पाणी. प्रत्येक घराला एक ठसा! गावाला तिची अक्कल इतकी आवडली की दोन दिवस दुसरा विषय नव्हता. शर्यतीच्या दिवशी घरोघरची मंडळी आपापल्या ठशाभोवती बसली, मांडीला मांडी लावून, आणि मागे ओळी धरल्या. सगुणा आपल्या जागेवर होती. त्या वर्षी धोंडू पहिल्याच वळणावर घसरला, तिथे सगळ्या गावाचा श्वास अडकला, आणि तो पुन्हा उठला तेव्हा असा आरडाओरडा झाला की वडावरची पाखरं उडाली. ते ऐकून सगुणाला रडू आलं. शेजारच्या भिवा मुंगसाने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं, "उठला, काकी. उठला तो."

कावळा वडावरच होता. त्याने वर जाऊन सांगितलं की पाणी वेगवेगळं होतं, पण ओरडणं एकच होतं.

मग नियमाला पुरवणी आली. ज्याने त्याने आपल्या घरात पाहावं. पाहताना आवाज घराबाहेर जाऊ नये. आणि पाहिलेलं दुसऱ्या घरच्याला सांगू नये, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही, कारण सांगणं म्हणजे शर्यत पुन्हा पसरवणं, आणि ती पसरवण्याचा हक्क गरुडांचा. जे गाव हे मोडील त्याच्यावर शर्यत पसरली जाणार नाही. पूर्वेकडच्या एका गावावरचं आभाळ त्यांनी मागच्याच वर्षी कोरं ठेवलं होतं. तिथली पोरं अजून शर्यत कधी दिसेल ते विचारतात, असं ऐकिवात होतं.

तळ्यावर शेवाळ धरू दिलं गेलं. गरुडांकडून घरोघरी एकेक बोळकं आलं. मापाचं, नीट भाजलेलं, सुबक. देताना कुणालाही वगळलं नव्हतं. सगुणाच्या बिळातही एक आलं.

भिवाने फार विचार केला. त्याला सगुणाकडे राहायला जायचं होतं, पण मागचा हिवाळा त्याने स्वतःच्या बिळात काढला होता आणि कावळ्याला ते ठाऊक होतं. चोरून सांगावं, तर सगळ्या गावाचं आभाळ जाणार. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी तो तिच्या दाराशी आला आणि उगाच हवापाण्याचं बोलत राहिला. सगुणाने ओळखलं.

"तू नको मनाला लावून घेऊ," ती म्हणाली. "तुझी पोरं पाहू देत. तो तुझ्याही पोरांचा आहे."

"काकी, मी नुसता खोकलो तर?"

"नको रे बाबा. खोकला तर बाहेर ऐकू जातो."

 मग त्याने तिचं बोळकं पाण्याने भरून आत, आभाळाचा उजेड पडेल असं ठेवलं, आणि निघून गेला. त्याला स्वतःची लाज वाटत होती, आणि करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

शर्यतीच्या दिवशी गावात चिटपाखरू दिसत नव्हतं. सगुणा बोळक्यापुढे बसली. कान टवकारले. सुरुवातीला कुठेच काही नव्हतं. मग शेजारच्या भिंतीपलीकडे कुणाचातरी श्वास अडकला आणि गिळला गेला. थोड्या वेळाने पलीकडच्या बिळात तसंच काहीसं झालं. तो घसरला म्हणून, की उठला म्हणून? की पुढे गेला म्हणून? तिन्हीला आवाज सारखाच असतो. पूर्वी असल्या अर्धवट आवाजामागून शब्द येत. ती वाट पाहत राहिली. तिला वाटलं, एकाने तरी भान विसरून ओरडावं. मग तिला वाटलं, नको, कुणी ओरडू नये, पोरांचं आभाळ जाईल.

तिच्या पुढ्यातल्या पाण्यात शर्यत चाललीच होती. ती तिच्या इतक्या जवळ यापूर्वी कधीच आली नव्हती. सगुणाने पंजा पुढे केला आणि हळूच पाण्यात घातला. तळापर्यंत चाचपलं. पाणी गार होतं. तिने पंजा काढला, पाणी निवळू दिलं, आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा घातला.

बिळाच्या तोंडाशी कावळा उतरला. त्याने वाकून आत पाहिलं. बोळकं ठरल्या मापाचं होतं, घरात दुसऱ्या घरचं कुणी नव्हतं, आणि म्हातारी कुणाशी बोलत नव्हती. सगळं नियमाप्रमाणे होतं. तो पुढच्या बिळाकडे गेला.