तिसरी बाटली

“आणि पाणी कसं आहे तिथलं?” लतीफबाबांनी विचारलं.

माझी मुलगी दाक्षायणी बोलता बोलता थांबली.

तिच्या हातात मोठा तक्ता होता. तीन कॉलेजं, बारा रकाने. नोकऱ्या, नाव, वसतिगृह, वाचनालय, मेसचं जेवण, घरापासूनचं अंतर... प्रत्येकाला गुण. पाण्याचा रकाना नव्हता.

“पाणी?”

“प्यायचं पाणी.”

“बाबा, सगळीकडं फिल्टर असतो. मशीनचं पाणी कुठंही प्या, सारखंच लागतं.”

“तू प्यालीस?”

“प्यायची गरजच नाही. मला माहितीय.”

बाबा माझ्याकडं बघून हसले. “शेठ, पोरगी हुशार आहे.”

“बारावीला केंद्रात पहिली आलीय, बाबा,” मी म्हणालो. बसल्यापासून हे मी तिसऱ्यांदा सांगत होतो.

लतीफबाबा म्हणजे आमच्या मोंढ्याच्या, धान्यबाजाराच्या तोंडाशी, लिंबाखाली पाणपोई चालवणारे फकीर. चार रांजण, पाणी काढायची दोन ओगराळी, एक चटई. एवढाच संसार. पण त्यांच्या जिभेला अख्खा तालुका मानतो.

आमचा भाग कोरडा. त्यामुळं सोयरीक पक्की करण्याआधी मुलीकडचे लोक मुलाच्या गावचं पाणी तांब्यात भरून बाबांकडं आणतात. बाबा एक घोट घेतात, डोळे मिटतात आणि सांगतात... विहीर किती खोल, पाणी चैत्रापर्यंत टिकतं का, बायकांना किती चालावं लागतं. हे सगळं पाण्यावरून कळतं, का आणणाऱ्याच्या तोंडावरून, ते मला अजून उमगलेलं नाही. मी धान्याचा अडत्या माणूस. तुरीचा दाणा दाताखाली धरला की ओल सांगतो. त्यामुळं जिभेवर आपला विश्वास.

एकदा एका मध्यस्थानं स्थळाच्या गावचं खारं पाणी लपवायला वाटेतल्या दुसऱ्याच विहिरीवर तांब्या भरून आणला. बाबांनी घोट घेतला. म्हणाले, “पाणी फक्कड आहे. पण पोरगी या विहिरीला द्यायची, का मुलाला?” मध्यस्थ चपला तिथंच विसरून गेला.

म्हणून मी मुलीला घेऊन आलो होतो. ओढून आणली होती म्हणा.

अडचण अशी की तिन्ही कॉलेजांत तिचा नंबर लागत होता. सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत एकाला होकार कळवायचा, नाहीतर तिन्ही जागा हातच्या जाणार. आणि तक्त्यात पहिल्या दोघांना अठ्ठ्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी गुण.

पहिलं पुण्याचं. काचेची इमारत, कॉम्प्युटरची शाखा. ते माझं लाडकं. मी सातवीत शाळा सोडून अडतीवर बसलो. कॉलेजचा जिना कसा असतो, ते मुलीच्या प्रवेशासाठी फिरताना पहिल्यांदा बघितलं. दुसरं मुंबईकडचं, तिच्या मामानं सुचवलेलं. तिसरं आपल्याच भागातलं, जुनं, दगडी. तिथं जमिनीच्या पोटातलं शास्त्र शिकवतात. त्याला तक्त्यात एकसष्ट.

“एकसष्टवालं ठेवलंस कशाला?” मी घरी विचारलं होतं.

“तुलनेला तिसरं लागतं, अप्पा,” ती म्हणाली होती. दुसरीकडं बघत.

आता ती बाबांना समजावत होती. “हिशोब चोख आहे, बाबा. मी दोनदा तपासलाय. फक्त बरोबरी झालीय. तुम्ही दोघांपैकी एकावर बोट ठेवा, की आम्ही मोकळे.”

बाबांनी तक्ता हातात घेतला. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी त्याची नीट घडी घातली आणि त्यानं वारा घ्यायला लागले.

“कागद चांगला आहे. जाड आहे.”

दाक्षायणीचे कान लाल झाले.

“बेटी, तिन्ही ठिकाणी जा. दिवसभर बस. येताना तिथलं पाणी आण. मी चव घेऊन सांगतो.”

“तिन्ही? तिसऱ्याचं काही खरं नाही, बाबा.”

“मला तहान तीन बाटल्यांची आहे.”

“आणि तिन्हींची चव सारखीच निघाली तर?”

“तर तू जिंकलीस.”

झालं. जिंकायचं म्हटलं की ही मुलगी कुठंही जाते. घरातला एक वाद ती आजवर हरलेली नाही. तिची आई तर आता वाद सुरू व्हायच्या आधीच हरते, वेळ वाचतो म्हणते.

तक्ता बाबांकडंच राहिला. वाऱ्याला बरा होता.

*

पुण्याला मी बरोबर गेलो. मला फार आवडलं. लिफ्ट बोलत होती. दाक्षायणीनं आत शिरल्या शिरल्या बाटली भरली, झाकण घट्ट लावलं, वर ‘१’ लिहिलं. मग आम्ही सगळं बघितलं. दुपारपर्यंत तिनं चारदा मोबाइलवर वेळ बघितली.

दुसऱ्या ठिकाणीही तेच. आधी बाटली. मग मला विचारलं, “अप्पा, परतीची गाडी कितीला?”

तिसऱ्या ठिकाणी ती एकटीच गेली. मला दुकान होतं. आणि खरं सांगायचं तर एकसष्टसाठी दुकान बंद ठेवणं मला जड गेलं.

ती आली तेव्हा सलवार गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. काय झालं विचारलं तर म्हणाली, “काही नाही.” ताटावर बसली आणि चार भाकरी खाल्ल्या. एरवी दीडावर उठते.

*

सोमवारी सकाळी आम्ही लिंबाखाली. तक्ता एका रांजणावर झाकण म्हणून ठेवलेला, वर ओगराळं.

दाक्षायणीनं पहिली बाटली काढली.

बाबांनी घोट घेतला. डोळे मिटले... उघडले.

“चांगलं आहे.”

दुसरी.

घोट. डोळे मिटले... उघडले.

“हेही चांगलं आहे.”

“फरक?”

“काही नाही.”

“मी म्हटलं होतं!” ती म्हणाली. पण आवाजात जिंकल्याचा जोर नव्हता.

“म्हटलं होतंस. आता तिसरी दे.”

तिनं पिशवी मांडीवर ओढून घेतली. “तिसरी कशाला? दोन सारख्या निघाल्या. मी जिंकले ना?”

“तहान तीन बाटल्यांची आहे.”

...

तिनं पिशवीत हात घातला आणि बाटली काढून चटईवर ठेवली. वर ‘३’ लिहिलेलं. आत काहीच नाही. कोरडी ठणठणीत.

“अगं!” माझा आवाज चढला. “शंभर किलोमीटर एस.टी.नं गेलीस आणि एक बाटली भरता आली नाही? आज पाच वाजता...”

बाबांनी हात वर केला.

“तिथं पाणी नव्हतं, बेटी?”

“होतं, बाबा. भरपूर होतं. मी पाण्यातच उभी होते.”

“किती?”

“गुडघ्याएवढ्या. तीन तास.”

बाबांनी मांडी सावरून घेतली. “आणि बाटली?”

“वर. पायरीवर.”

मग ती सांगायला लागली. आधी एकेक शब्द... मग थांबेना.

कॉलेजच्या मागं जुनी पायऱ्यांची विहीर आहे. तिच्यात सहा मुलंमुली आणि पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेले एक सर. हातात टेप, भिंतीवर खडूच्या खुणा. हिनं वरून वाकून बघितलं आणि ओरडली, “सर, ती तिसरी खूण चुकलीय!”

“तू ओरडलीस? सरांना?” मी म्हणालो.

“चुकली होती, अप्पा.”

“मग?”

“सर म्हणाले, वरून काय सांगतेस, खाली ये आणि दाखव. मी गेले. दाखवली. त्यांनी खोडली आणि दुसरी काढली. थँक यूसुद्धा म्हणाले.”

“हे जिंकणंच झालं,” बाबा म्हणाले.

“नाही ना!” ती गुडघ्यांवर उठून बसली. “अप्पा, आजीच्या शेतातल्या त्या दोन विहिरी आठवतात? मध्ये वीस पावलं. एकीचं पाणी गोड, एकीचं मचूळ.”

न आठवायला काय झालं? सहा वर्षांची असताना तिनं त्यावरून सगळ्या गावाला भंडावून सोडलं होतं. गुरुजींनी ‘देवाची करणी’ म्हणून सांगितलं, तर त्यांच्याशी दोन दिवस बोलली नव्हती.

“मी सरांना विचारलं. ते म्हणाले, तूच सांग. मी म्हटलं, एक खोल आहे, एक उथळ. ते म्हणाले, चूक. मी म्हटलं, एकीला शेणखताच्या खड्ड्याचं पाणी लागत असेल. ते म्हणाले, खड्डा कुठल्या बाजूला आहे? मी सांगितलं. म्हणाले, मग चूक. मी म्हटलं, माती वेगळी. ते म्हणाले, वीस पावलांत?”

तिनं रांजणाखालच्या ओलीत बोट बुडवलं आणि फरशीवर दोन गोल काढले. दोन विहिरी. मग दोघींच्या मधोमध एक उभी रेघ.

“भिंत असू शकते, अप्पा. जमिनीच्या पोटात. काळ्या दगडाची, उभी. वरून काही दिसत नाही, वर ज्वारी डोलतेय. पण खाली अलीकडचं पाणी वाहतं राहतं आणि पलीकडचं अडून बसतं. अडून बसून बसून मचूळ होतं! असेलच असं नाही म्हणाले, खणून बघावं लागेल म्हणाले. पण मला हे सुचलंच नव्हतं. मी हरले, बाबा. एकदा नाही, तीनदा!”

आणि ती हसत सुटली. हरल्यावर हसणारी माझी मुलगी मी पहिल्यांदा बघत होतो.

“निघताना सर काय म्हणाले, माहितीय? चौथ्यांदा हरायला केव्हा येतेस?”

“मग?”

“मग एस.टी. सुटत होती. पायरीवरची बाटली पिशवीत कोंबली आणि पळाले. अर्ध्या वाटेत आठवलं... बाटली रिकामीच.”

ती खाली बसली. फरशीवरच्या विहिरी वाळायला लागल्या होत्या.

“चुकलं, बाबा. तुम्ही एकच काम सांगितलं होतं.”

...

सौदा आपल्या बाजूला झुकताना दिसला की मी गप्प बसत नाही. सवय आहे. मी घसा साफ केला.

“असू दे. म्हणजे तिसऱ्याची चव काही कळायची नाही. दोनांत पुणं. घरी जाऊ, होकार कळवू, विषय संपला. काय गं?”

जिनं कधी एक वाद सोडला नाही, ती मान खाली घालून बाटलीवरचा ‘३’ नखानं खरवडत होती.



बाबांनी तिच्या हातातून बाटली घेतली.

झाकण फिरवलं. बाटली तोंडाला लावली. मान मागं टाकली.

गळ्याची घाटी हलली. एकदा... दोनदा... तीनदा.

मी बघत राहिलो. पाणी भरायला आलेल्या दोन बायका घागरी कमरेवर तशाच धरून उभ्या राहिल्या.

बाबांनी बाटली खाली घेतली. डोळे मिटलेले. बाहीनं दाढी पुसली, ओली असल्यासारखी.

“वा...”

दाक्षायणीनं दोन्ही हात तोंडावर दाबले. बोटांच्या फटींतून हसू बाहेर सांडत होतं.

बाबांनी डोळे उघडले आणि बाटली माझ्यापुढं धरली.

“घ्या शेठ. दोन घोट तुमच्यासाठी ठेवलेत.”