नऊ पिनांची दोन सॉकेटं

"मग मला गिऱ्हाइकाकडे एकट्याला पाठवायला हरकत काय आहे, चाचा?"

प्रणीत साळोखेने हे त्या आठवड्यात तिसऱ्यांदा विचारलं.

दस्तगीर मुल्ला तीस वर्षं मिरजेच्या मार्केटमागे वजनकाटे आणि दुकानांची बिलिंग मशिनं दुरुस्त करत होते. प्रणीत डिप्लोमा करून आठ महिन्यांपूर्वी त्यांच्याकडे शिकायला आला होता. पोरगा हुशार, हात चपळ. आणि हे त्याला स्वतःलाही पुरेपूर ठाऊक होतं.

चाचांनी चष्मा पुसला.

"काय काय येतं तुला?"

टेबलावर एका मॉलमधून आलेलं मशीन होतं. प्रणीतने ते पाठमोरं केलं, डोळे मिटले आणि मागच्या सॉकेटांवरून बोटं फिरवली.

"हे नेटचं. ही यूएसबी, सहा. इथं स्कॅनर, इथं प्रिंटर. हे छोटं गल्ल्याचं, बिल झालं की ड्रॉवर उघडतो. आणि ही नऊ पिनांची दोन." त्याने डोळे उघडले. "यातल्या एकाला काटा."

"कुठल्या?"

"कुठल्याही. दोन्ही सारखीच आहेत."

"बघून सांग."

"बघायचं काय त्यात? नऊ पिना इकडं, नऊ पिना तिकडं."

चाचा उठले. कोपऱ्यातला स्टीलच्या ताटाचा काटा त्यांनी दोन्ही हातांनी उचलून आणला. धंदा सुरू केला तेव्हा घेतलेला. दुरुस्त झालेलं प्रत्येक मशीन ते याच काट्यावर तपासून परत द्यायचे. दुसऱ्या कुणाला त्याला हात लावू देत नसत.

त्याची वायर त्यांनी प्रणीतपुढे धरली.

"लाव."

प्रणीतला आनंद झाला. त्याने मशीन चालू केलं आणि हाताला लागलेल्या सॉकेटात वायर खोचली.

काट्यावरचे लाल आकडे एकदा लखलखले... आणि विझले. जळक्या प्लास्टिकचा वास आला.

प्रणीतने वायर ओढून काढली. बटण दाबलं. पुन्हा दाबलं. काटा मेला होता.

चाचांनी मशीन उजेडाकडे वळवलं. त्या सॉकेटाखाली तांदळाच्या दाण्याएवढ्या अक्षरांत छापलं होतं, बारा व्होल्ट. गिऱ्हाइकाला रक्कम दाखवणारा छोटा पडदा तिथूनच वीज घेतो. शेजारच्या सॉकेटाखाली काहीच छापलेलं नव्हतं.

"तुम्हांला माहीत होतं?"

"हो."

"मग वायर हातात दिलीत कशाला?"

काट्याच्या ताटावरची धूळ चाचांनी बाहीने पुसली.

"मी नवा आणून देतो, चाचा."

"मीही एक जाळला होता," चाचा म्हणाले. "तुझ्याच वयाचा होतो. मासळीवाल्या एका बाईचा. भर बाजाराच्या दिवशी."

"मग... ती काय म्हणाली?"

"काही नाही. पाटीवर फडकं टाकलं आणि घरी गेली."

प्रणीत स्टुलावर बसला. त्याला वर बघवेना. मघाशी डोळे मिटून बोटं फिरवली होती, ती आठवून कान तापले.

"मला नका पाठवू," तो शेवटी म्हणाला. "अजून वर्षभर तरी नको."

फोन वाजला. चाचांनी तो उचलून प्रणीतच्या हातात दिला.

तासगावचा एक किराणावाला बोलत होता. "नवं मशीन घेतलंय. माझा जुना काटा त्याला चालतोय नव्हं?"

काल हा फोन आला असता तर प्रणीतने बेलाशक 'चालतो' म्हणून सांगितलं असतं. आज त्याने तोंड उघडलं, मिटलं... मग म्हणाला, "माहीत नाही, काका. मशीन मागनं नीट बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. तोवर काही जोडू नका."

फोन ठेवून तो मान खाली घालून उभा राहिला. आता बोलणी बसणार असं त्याला वाटलं.

चाचांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"तासगावची एसटी सव्वादोनला आहे. जेवून निघ."