कुंडावर न आलेली माणसे

पूर्वी कदंबपूर नगरात पद्मरथ राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका सधन ब्राह्मण घराण्यात जन्मले. वयात आल्यावर त्यांनी घर सोडले आणि जवळच्या टेकडीवर एका कुंडाकाठी पर्णकुटी बांधली. लोक त्यांना सुगुप्त तापस म्हणत. दुःखी माणसे येत, कुंडात स्नान करीत आणि तापस त्याच कुंडातले ओंजळभर पाणी त्यांना प्यायला हातावर घालून मैत्रीचे चार शब्द बोलत. माणसे हलकी होऊन घरी जात. अशी बारा वर्षे गेली.

एका उन्हाळ्यात नगरात अतिसाराची साथ आली. सकाळी हिंडणारा माणूस संध्याकाळी आडवा होई. राजाने दवंडी पिटवली, "सर्वांनी सुगुप्त तापसांच्या कुंडावर जावे. त्यांच्या हातचे पाणी हेच औषध." टेकडीची वाट माणसांनी भरून गेली. आजाऱ्यांना पाठीवर घालून आणीत आणि कुंडात न्हाऊ घालीत. तापस अन्न-झोप विसरून प्रत्येकाच्या हातावर पाणी घालीत राहिले. साथ मात्र वाढतच गेली.

नगरात चंपिका नावाची सुईण होती. साथ आली म्हणून बाळंतपणे थांबत नाहीत. तिला दारोदार जावे लागे, तटाबाहेरच्या चांडाळवस्तीतही. एके सकाळी ती कुंडावर आली, पण तिने हात पुढे केला नाही.

"पाणी घे, भगिनी," तापस म्हणाले.

"नको, आर्य. परवा कुंभारवाड्यातली एक मुलगी तुमच्याकडे आणली होती. ठणठणीत होती. पुढे काही होऊ नये म्हणून आईने आणली होती."

"आठवते. हसत होती."

"आज पहाटे गेली."

तापसांच्या हातातला कमंडलू जागीच थांबला.

"आणखी ऐका. नगरात असे एक घर नाही, जिथले माणूस गेले नाही. चांडाळवस्तीत मात्र एकही गेलेले नाही. मी काल घरोघर विचारले. ते नदीच्या वाळूत झिरा खणून त्याचे पाणी पितात. या कुंडावर त्यांना येऊ देत नाहीत."

"कोण येऊ देत नाही?"

चंपिका त्यांच्याकडे बघतच राहिली. "पायथ्याशी राजाचे पहारेकरी असतात, आर्य. बारा वर्षे आहेत. तुम्हाला ठाऊक नाही?"

बोधिसत्त्वांनी कमंडलू खाली ठेवला. आपल्याच हातून माणसे मरत होती. आणि सर्व प्राणी सुखी होवोत असे रोज म्हणताना, कोण येत नाही हे आपण बारा वर्षांत एकदाही विचारले नव्हते. यातले अधिक भयंकर काय, हे त्यांना ठरवता येईना.

ते उठून रांगेसमोर उभे राहिले. "हे पाणी पिऊ नका. रोग यातच आहे. मी तो माझ्या हाताने तुम्हाला दिला."

रांग जागच्या जागी थिजली. "माझे दोन भाऊ!" असे ओरडून एकाने दगड भिरकावला. तो तापसांच्या कपाळाला लागला. एक म्हातारी रडू लागली, "असे बोलू नका, आर्य. मग आम्ही कुणाकडे पाहायचे?"

बातमी ऐकून राजा धावत आला. "शब्द मागे घ्या, आर्य. लोकांना तुमचाच काय तो धीर आहे. तो गेला तर भीतीनेच मरतील."

"महाराज, धीर मी देईन. प्रत्येकाच्या उशाशी बसेन. पण विषाला धीर म्हणणार नाही."

तापस टेकडी उतरून चांडाळवस्तीत गेले. राजा आणि लोक अंतर राखून मागे आले. झिऱ्यापाशी कोंडक नावाचा वृद्ध बसला होता.

"तात, तहान लागली आहे. पाणी द्याल?"

कोंडक दचकून मागे सरला. "आमच्या हातचे? हे सगळे पाहताहेत."

"म्हणूनच मागतो."

कोंडकाने गर्दीकडे पाहिले. मग म्हणाला, "काही वर्षांपूर्वी माझ्या बायकोने तापात तुमच्या कुंडाचे पाणी मागितले होते. मी घ्यायला आलो. मला काठीने हाकलले. ती तशीच गेली."

तापस जवळ गेले. ते वाळूत बसले आणि त्यांनी ओंजळ पुढे धरली.

कोंडकाने वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात पाणी भरले. "प्या. तहानलेल्याला नाही म्हणायला माझी जीभ वळत नाही." मग तो गर्दीला म्हणाला, "तुम्हीही या. पण झिऱ्यात कुणी पाय घालायचा नाही. भरून मी देईन."

कुणी हलेना. शेवटी त्या गेलेल्या मुलीची आई, कुंभारीण, पुढे आली, दुसरे लेकरू कडेवर घेऊन. तिच्यामागे बाकीचे आले.

राजाने पहारा उठवला, कुंड बंद केले, नदीकाठी झिरे खणविले. तापस चंपिकेबरोबर घरोघर फिरले. त्यांनी आजाऱ्यांची घाण काढली, मिठाची पेज पाजली, मरणाऱ्यांचे हात धरून ठेवले. महिन्याभरात साथ ओसरली. दगड मारणारा मात्र तापसांना पाहिले की थुंके. तापस त्याला हात जोडत. त्याने कधीच क्षमा केली नाही.

ही आपल्या पूर्वजन्मीची कथा भिक्षूंना सांगून शास्ता, म्हणजे भगवान, म्हणाले, "त्या वेळचा राजा म्हणजे आजचा भिक्षू आनंद. चंपिका म्हणजे संघातल्या आजाऱ्यांची सेवा करणारी उपासिका. सुगुप्त तापस मीच होतो. आणि कोंडक या सभेत सर्वांत मागे, दाराबाहेर बसला आहे."

भिक्षू चमकून मागे वळले.

"त्याला वाट द्या. त्या दिवशी दान त्याने केले. मी केवळ सत्य बोललो, तेही उशिरा."

सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, ती हीच.