सहा कोळंब्या

शुद्धलेखनाच्या चुका होतील, त्या पोटात घाला. मी आठवीत शाळा सोडली आणि भारी शब्द मला जमत नाहीत. गोष्ट आमच्या बंदरावरची आहे. ऐकली तशी लिहितो.

"मग आता राहिलं काय, चाचा?"

नीलकंठ चोगलेने हे तिसऱ्यांदा विचारलं. दाऊदचाचा पडवीत लसूण सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

दाऊदचाचा सव्वीस वर्षं मालवाहू जहाजांवर भंडारी होते. भंडारी म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी. आता वय अठ्ठ्याहत्तर. आमटी बिघडली तरी लोक त्यांच्याकडे जातात आणि भावाभावांत बिघडलं तरी त्यांच्याकडेच जातात. ते बोलतात थोडं.

नीलकंठ पुण्याला हॉटेलचा कोर्स करून, पणजीत मोठ्या हॉटेलात काम करून आलेला. बंदरावर त्याला शेफ म्हणत. काही जण कौतुकाने, काही जण तोंड वाकडं करून.

त्याचे वडील बुधाजी. चाळीस वर्षं तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य. होडीवर दुपारी भाताची परात मध्ये यायची, पण शेवटचा खलाशी येऊन बसेपर्यंत बुधाजी परातीत हात घालायचा नाही. भात गार झाला तरी चालेल. हे सगळ्या बंदराला माहीत होतं.

पाच महिन्यांपूर्वी बुधाजीच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं. आठवड्यातून एकदा मूठभर कोळंबी चालेल म्हणाले, पण तळून नाही. आणि बुधाजीचा जीव तर तव्यावरच्या कुरकुरीत कोळंबीत. त्याने हळूहळू सगळंच खाणं सोडलं. अकरा किलो उतरला.

सोमवारी डॉक्टरांनी बजावलं. आठ दिवसांत खाणं सुरू झालं नाही तर दवाखान्यात ठेवून नळीने भरवावं लागेल.

बुधाजी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मी आता तिकडे जाणार नाही. काय व्हायचं ते इथेच होऊ दे."

त्या आठ दिवसांतले तीन गेले होते.

"ओव्हनमध्ये केलेली कोळंबी पहिल्यांदा खालून ओली राहायची," नीलकंठ सांगत होता. "तेव्हा मला कारण कळत होतं. आता कुरकुरीत होते. तुम्ही म्हणाल ती पैज लावतो. तरी बाबा एक खातात आणि ताट सरकवतात."

"ताट कुठलं?"

"त्यांचं वेगळं आहे. स्टीलची छोटी ताटली. आजारी माणसाचं मीठ मोजून असतं ना."

"आणि तुम्ही?"

आपण तिघं, म्हणजे आई, बायको आणि तो, मागच्या पडवीत जेवतो, असं नीलकंठने सांगितलं. दार लावून. तळल्याचा वास बाबांपर्यंत गेला तर त्यांना त्रास होईल. बाबांचं आधी. ते खाईपर्यंत तो स्वतः समोर उभा राहतो, एक घास इकडेतिकडे होऊ देत नाही. हे सांगताना त्याचा आवाज थोडा वर गेला. एवढं कोण करतं आजकाल?

चाचांच्या हातातली पाकळी थांबली…

मग सोलून झाली.

"करून दाखव," ते म्हणाले.

"इथं?"

"मग काय पणजीला?"

चाचांचा ओव्हन पुढच्या खोलीत, जुना, गोल, ॲल्युमिनियमचा. झाकणाला एक काचेचा डोळा. नीलकंठने तो चारी बाजूंनी पाहिला.

"याला आकडेच नाहीत. तापमान कसं कळणार याला?"

"त्याला नाही कळत. मला कळतं."

घरात सकाळची कोळंबी होती. नीलकंठने सहा मोठ्या निवडल्या. सोलल्या, पाठीचा काळा दोरा काढला, शेपट्या ठेवल्या. हळद, मीठ, मिरची, लसूण चोळून जरा वेळ ठेवल्या. मग फडक्यात घालून एकेक दाबून कोरडी केली. शिळ्या पावाचा चुरा चमचाभर तेलात तव्यावर बदामी करून घेतला, कारण ओव्हनमध्ये कोळंबीला वेळ थोडा मिळतो, तेवढ्यात पांढरा चुरा पांढराच राहतो. आधी तांदळाचं पीठ, मग फेटलेलं अंडं, मग चुरा. तळहाताने हलकेच दाबला.

थाळीत न ठेवता त्याने त्या जाळीवर मांडल्या. एकीचा धक्का दुसरीला लागू दिला नाही.

चाचांनी वर्तमानपत्राची पट्टी फाडून तापलेल्या ओव्हनमध्ये टाकली आणि काचेतून बघत राहिले. पट्टी बिस्किटाच्या रंगाची झाली.

"हं. घाल."

पाच मिनिटांनी नीलकंठने त्या उलटल्या. आणखी चार मिनिटांनी काढल्या. झाकून ठेवल्या नाहीत, नाहीतर वाफेने मऊ पडल्या असत्या. एकीवर नखाने टिचकी मारली. सुक्या पानासारखा आवाज आला.

त्याने चाचांकडे पाहिलं.

चाचा आत गेले होते. बाहेर आले ते एक खुर्ची आणि एक स्टूल घेऊन. खुर्ची खोलीच्या मधोमध ठेवली. स्टुलावर पांढरी बशी, बशीत सहाच्या सहा कोळंब्या.

"बस."

"मी? तुमच्यासाठी केल्यात, चाचा."

"बस म्हटलं ना."

तो बसला. चाचांनी आतल्या दाराकडे तोंड करून सुनेला हाक मारली.

"नफीसा, तू आत जेवून घे. आणि दार लाव. याला वास नको जायला."

आत नफीसा हसली. काय चाललंय, असं काहीतरी म्हणाली. दार लागलं. ताटलीचा आवाज आला. तव्यावर काहीतरी चर्र झालं.

चाचा खुर्चीपासून हातभर अंतरावर येऊन उभे राहिले. हात पाठीमागे. नजर नीलकंठच्या तोंडावर.

"खा."

त्याने एक उचलली. चावल्याचा आवाज पडवीतल्या कोंबडीनेही ऐकला असेल.

"कशी आहे?"

"चांगली."

"मीठ?"

"बरोबर."

"नीट चाव. तुझ्यासाठीच केली आहे."

नीलकंठने चावलं.

"मधेच पाणी पिऊ नको, भूक मरते. दुसरी घे."

हे शब्द त्याच्या ओळखीचे होते, घरी बाबांसमोर तोच म्हणायचा. शब्दन् शब्द.

त्याने दुसरी उचलली. अर्धी खाल्ली. घास तोंडात फिरत राहिला. भिंतीपलीकडे तवा वाजत होता. इथे फक्त त्याच्या दातांचा आवाज.

चाचा बघत होते.

उरलेली अर्धी त्याने बशीत ठेवली.

"काय झालं?"

"नको वाटतंय."

"सकाळपासून काय खाल्लंस?"

"चहा."

"मग?"

"चाचा, कोळंबीत काही चुकलं नाही ना?"

"काहीच नाही."

नीलकंठने हाताने बशी सरकवली. पुढे नाही, बाजूला. आपण ती बाबांसारखीच सरकवली हे त्याच्याच लक्षात आलं आणि हात तसाच स्टुलावर राहिला.

चाचांनी आतलं दार उघडलं. बशी उचलून जमिनीवर ठेवली आणि गुडघ्यावर हात देत, हाय अल्लाह म्हणत, तिच्याजवळ मांडी घातली. नफीसा तांदळाची भाकरी आणि कांदा घेऊन आली. तिने न विचारता एक कोळंबी उचलली, तोंडात टाकली आणि म्हणाली, "शेफ, लिंबू विसरलास."

"लिंबू शेवटी पिळायचं असतं," नीलकंठ म्हणाला. "आधी पिळलं तर चुरा भिजतो."

"मग शेवट कधी करणार आहेस? संपत आल्या."

खरंच संपत आल्या होत्या. चाचा एक चघळत होते, दाढांच्या एकाच बाजूने. नीलकंठ खुर्चीवरून कधी खाली उतरला ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. अर्धी ठेवलेली त्याने खाल्ली. मग आणखी एक. शेवटच्या कोळंबीसाठी नफीसाचा हात आणि त्याचा हात एकदमच बशीत गेले. तिने ती मोडून अर्धी त्याला दिली. शेपटीचा वाटा तिने स्वतःकडे ठेवला आणि वर त्यालाच अधाशी म्हणाली.

बशीत चुरा उरला होता. तोही त्याने भाकरीच्या तुकड्याने पुसून घेतला.

उन्हं पडवीतून उतरली. मशिदीत बांग झाली. चाचा उठले, हातपाय धुतले आणि टोपी शोधू लागले. नीलकंठ त्यांच्या मागे दारापर्यंत गेला.

"चाचा, बाबांना मी काय सांगू?"

टोपी सापडली. चाचांनी ती झटकून डोक्यावर बसवली.

"कप्तानाचं ताट मी सजवून वेगळं पाठवायचो," ते म्हणाले. "रोज अर्धं परत यायचं. खलाशांची परात मला कधी घासावी लागली नाही."

आणि ते नमाजाला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नीलकंठने स्टीलची छोटी ताटली धुतली, पुसली आणि माळ्यावर टाकली. बंदरावर जाऊन चार माणसांपुरती कोळंबी घेतली. घरी येऊन मागच्या पडवीचं दार सताड उघडलं, मोठी परात बाबांच्या खाटेपाशी जमिनीवर ठेवली, कोळंबी तीत ओतली आणि समोर बसून सोलायला लागला. मुद्दाम नाही, पण सावकाश. चौथ्या कोळंबीला भिंतीकडचं तोंड वळलं.

"डोकं असं मुरगळतात काय रे?" बुधाजी म्हणाला, आणि खाटेवरून पाय खाली सोडले.