गवत कोंबलेली घंटा

गोष्ट सांगा म्हणून डोकं खाल्लंत, आता मध्ये बोलू नका.

फार पूर्वी, धुक्यातल्या कुरणात गाईंच्या गळ्यात घंटा असायच्या. त्या आवाजाच्या मागानं चुकलेली वासरं परत यायची. कपिला नावाची कालवड मात्र त्याच आवाजानं लांब पळायची. गाई म्हणायच्या, "थेरं नुसती!"

एकदा ती बिबट्याच्या घळीकडे पळाली. आई मागे धावली, तशी ती आणखी पुढे. आईची घंटा म्हणाली, "अगं, मी तर किती गोड वाजते!"

कपिला लांबूनच ओरडली, "तू माझ्या कानात नाही, दातांत वाजतेस."

घंटा ओशाळली. आईला म्हणाली, "माझ्या तोंडात गवत कोंब."

मग आई धुक्यात नुसती उभी राहिली. दुधाचा वास पसरत गेला. त्या वासामागं कपिला हळूहळू चालत आली.

आमची नात पारू ताशा वाजला की कान झाकते. तिला खुळी म्हणणाऱ्या बापू तांबटानं अजून माझी माफी मागितलेली नाही.