उंबरावरची भरलेली जागा

झाडं बोलायची तेव्हाची गोष्ट. ओढ्याकाठच्या उंबरावर तांबट पक्ष्याचा कारभार होता. एकदा पिकलेलं उंबर फोडताना आतली चिलटं त्याच्या चोचीवर भणभणली आणि तो भडकला. "फुकट राहतात आणि वर माझ्या घासात येतात! हाकला सगळ्यांना!"

चिलटं निमूट निघून गेली. त्यांची जागा तांबटानं त्याच दिवशी मुंगळ्यांना देऊन टाकली.

पुढच्या बहराला खोडाला उंबरं लगडली, पण एकही पिकेना. हिरवीच टपाटपा गळू लागली. खारूताईनं एक फोडलं आणि ती किंचाळलीच. आत ना गर, ना बी! "अहो तांबटराव, झाड आजारी पडलं की काय?"

झाडच बोललं, "मी धडधाकट आहे. पण माझी फुलं फळाच्या आत दडलेली असतात. एका उंबरातला पराग दुसऱ्यात नेणारी चिलटं कुठं गेली?"

तांबट म्हणाला, "पण... जागा तर आम्ही रिकामी ठेवली नव्हती!" तो मुंगळ्यांकडे वळला. "अरे, तुम्ही इथं करता तरी काय?"

मुंगळे चक्रावले. "करतो म्हणजे? आम्ही इथं राहतो!"