एका प्रहरी दोन राजे

एका राज्यात राजाचा दिवस भिंतीवर रेखण्याची रीत होती. डावीकडून उजवीकडे प्रहर, खालून वर महालाचे मजले. चितारी रोज एक रेघ ओढी आणि कोणत्या प्रहरी राजा कुठे, हे प्रजेला कळे. कुटिलाक्ष मांत्रिकाला दरबारातून हाकलले, तेव्हा त्याने जाता जाता ती रेघ मागे वळवली. झाले! एकाच प्रहरी अरिंदम राजा खाली दरबारातही बसला आणि वर राणी कुमुद्वतीजवळही. खालच्याने एका कैद्याला फाशी सुनावली, वरच्याने सज्जातून त्यालाच माफी दिली. प्रधानाने दोघांनाही मुजरा केला आणि डोके धरून बसला.

राणी मांत्रिकाकडे गेली. मंत्राचा नियमच असा, की उपाय मागणाऱ्याला तो द्यावाच लागतो. कुटिलाक्षाने नाइलाजाने आपल्या घराच्या भिंतीवर तशाच तीन रेघा उमटवल्या.

"यातली एकच माणसाला जगता येईल. तिला हात लाव. चुकलीस, तर दोन्ही राजांचा धूर होईल; बरोबर निघालीस, तर माझी राख."

पहिले होते वर्तुळ. काय सुबक! राणीचा हात पुढे गेलाच.

तिच्या खांद्यावरची बोलकी साळुंकी म्हणाली, "राणीसाहेब, एका प्रहराला जागा किती?"

राणीने शेल्याचा धागा ओढला, त्याला अंगठी बांधली आणि एका प्रहरावर सरळ खाली सोडला. धाग्याने वर्तुळ दोनदा कापले. एक राजा गच्चीवर, एक तळघरात! दुसरी रेघ वळसे घेत मागे फिरत होती. तिथे तर तीन राजे निघाले. तिसरी टेकडीसारखी चढून उतरलेली. बिचाऱ्या राणीने या खेपेला धागा आडवा ताणला.

"हीसुद्धा दोनदा कापली!" राणी रडकुंडीला आली.

"आडवा का धरलात?"

"माडीवर राजा दोनदा दिसतो."

"सकाळी एकदा, सांजेला एकदा. गेलेला माणूस परत येत नाही काय?"

राणीचा पुरता गोंधळ उडाला. धागा उभा धरला, आडवा धरला, पुन्हा उभा. शेवटी एकेका प्रहरावर अंगठी सोडून पाहिली. दर वेळी रेघ एकदाच भेटली. तरी खात्री पटेना. तिने डोळे मिटून तिसऱ्या रेघेवर हात टेकवला.

कुटिलाक्षाची राख झाली. एकच राजा उरला, एकच हुकूम सुटला, प्रजेने साखर वाटली. राणी धावत आपल्या महालात आली, तर तिच्या शेजारची बैठक रिकामी. राजा दरबारात होता.

तिने दासीला विचारले, "दरबार कधी उठतो गं?"